बुध सरळ झाल्यानंतर

सेंडच्या बटणावर बोट न्यायचं आणि दाबायच्या आत उचलून हनुवटीला लावायचं, ही त्यांची सवय. मेल अगदी दोन ओळींची असली तरी. "थांब, जरा बघू," असं स्वतःशीच पुटपुटत ते फोन काढायचे आणि पंचांग उघडायचे. राहुकाळ, अमावास्या असल्या गोष्टींना ते फारशी दाद देत नसत. त्यांचं वाकडं होतं ते एकट्या बुधाशी. बुध वक्री झाला की हा माणूस सही करायचा नाही, मोठी खरेदी करायचा नाही, कुणाला हो म्हणायचा नाही आणि शक्यतो नाहीही म्हणायचा नाही.

असं एखादं माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. इथे अमेरिकेत, हर्नडनमध्ये, आमच्या टीममध्ये एक होतं. सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारायचे, अगदी कालपरवा कॉलेजातून आलेली पोरंसुद्धा. माझ्या तोंडी मात्र काकाच बसलं. वय पन्नाशीला टेकलेलं, गाव सांगली, अमेरिकेत चौदा वर्षं आणि ग्रीनकार्डाच्या रांगेत त्यातली अकरा.

मी नागपूरची. आमच्या बैठकीच्या खोलीत बुद्ध आणि बाबासाहेब. पत्रिका नावाची वस्तू घरात कधी आलीच नाही. माझ्या जन्माची नेमकी वेळ आईलाही सांगता येत नाही. हे काकांना कळलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी दिसली.

"वेळच माहीत नाही? मग तुझं चालतं कसं गं?"

"मस्त चालतं, काका. लायसन्स तेवढं मिळत नाहीये."

ड्रायव्हिंगच्या परीक्षेत मी दोनदा आपटले होते. आमची अपार्टमेंट एकाच आवारात, म्हणून रोज सकाळी सव्वाआठला काका मला त्यांच्या गाडीतून ऑफिसला न्यायचे. जाता-येता आमचं भांडण ठरलेलं. मी म्हणायचे, बुध मागे वगैरे जात नाही, आपल्याला इथून तसा दिसतो. त्यांची अकरावीतली मुलगीही हेच म्हणायची. "बाबा, इट्स जस्ट ॲन इल्यूजन." काका दोघींना हसून म्हणत, "असेल बाई. पण मला कुठे बुधावर राहायचंय? मला इथून दिसतो तोच खरा."

त्या वेळी बुध सोमवारी वक्री झाला आणि गुरुवारी ऑफिसात कपात आली. पंधरा मिनिटांची मीटिंग झाली आणि काका खोलीतून बाहेर आले ते लॅपटॉप देऊनच. संध्याकाळी मागच्या सीटवर त्यांच्या टेबलावरच्या वस्तूंचं खोकं होतं. "सांगितलं होतं," एवढंच ते म्हणाले. माझी नोकरी राहिली होती आणि मला त्याची लाज वाटत होती.

आमच्यासारख्या व्हिसावाल्यांना नोकरी गेली की साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीने आपल्या नावाचा अर्ज सरकारात दाखल केला तर ठीक, नाहीतर देश सोडायचा. हे गणित आम्हा सगळ्यांना झोपेतून उठवलं तरी पाठ असतं.

दुसऱ्या दिवशी सव्वाआठला काका गाडीपाशी उभे. इस्त्रीचा शर्ट, हातात किल्ली.

"काका, तुम्ही कशाला?"

"तुला कोण सोडणार? नोकरी आहे ना तुझी? मग वेळेवर पोच."

मला सोडून ते घरी जात, दिवसभर अर्ज भरत, मुलाखती देत आणि संध्याकाळी मला परत न्यायला येत. पोटाचा प्रश्न होता, त्यामुळे अर्ज करणं काही त्यांनी थांबवलं नाही. पण फोन वाजला की दोनदा नंबर बघून मगच उचलायचे. जेवताना म्हणे एकच घास कितीतरी वेळ चावत बसायचे.

तीन आठवड्यांनी बुध सरळ झाला. मी गाडीत बसताबसता म्हटलं, "सुटलो, काका!" त्यांनी मान हलवली.

"आत्ता कुठे? मार्गी झाला, मान्य. पण मागे आला तेवढी वाट त्याला परत चालायचीय ना? जिथून उलटा फिरला तिथे पोचेपर्यंत काही खरं नाही. अजून अडीच आठवडे धरून चाल."

हे त्यांच्या पंचांगात नव्हतं. एका ज्योतिषाच्या व्हिडिओत त्यांनी ते ऐकलं होतं आणि मग सांगलीच्या गुरुजींना फोन करून नेमकी तारीख काढून घेतली होती. आणि मग सुरू झाली त्यांची निस्तरानिस्तरी. वक्री काळात जे जे झालं ते सगळं पुन्हा. मुलीच्या शाळेचा फॉर्म पुन्हा तपासून पाठवला. गाडीचं ऑइल नुकतंच बदललेलं असताना पुन्हा बदलून आणलं. आयसेलिनच्या भारतीय बाजारातून कुणाकडून तरी मागवलेलं कढीपत्त्याचं रोप एका कुंडीतून काढून दुसऱ्या कुंडीत लावलं. भावाला सांगलीला फोन लावून म्हणाले, "अरे, मागचं बोलणं वक्रीत झालं, परत बोलतो," आणि आईच्या गुडघ्याबद्दल तेच सगळं पहिल्यापासून बोलले. काकूंचा वाढदिवस त्याच दिवसांत होऊन गेला होता, तर एका सकाळी काकूंनाही पुन्हा शुभेच्छा.

"चहा ओतत होते मी," काकू मला सांगत होत्या, "तर हे समोर येऊन हॅपी बर्थडे म्हणाले. मी म्हटलं, अहो, मी काय वर्षातून दोनदा म्हातारी होऊ का?"

आम्ही दोघी पोट धरून हसलो. हसता हसता काकूंचे डोळे भरून आले आणि त्या कांदा चिरायला वळल्या.

मला तेव्हा थोडं थोडं कळायला लागलं होतं. ग्रीनकार्डाच्या रांगेत तुमचा नंबर कधी लागेल हे कुणी सांगत नाही. विचारलं तर म्हणतात, वाट बघा. बुध मात्र अमुक तारखेला वळतो म्हणजे वळतोच. ज्या माणसाने अकरा वर्षं कसलीच तारीख ऐकली नाही, त्याला तारीख देणारा ग्रह जवळचा वाटणारच. हे कळल्यावर माझा वाद घालायचा जोर गेला. आणि तिथेच मी चुकले.

कारण ऑफर आली, एका सोमवारी. हातात चार आठवडे होते. काकांनी गाडी सुरू करायच्या आधी मला फोनवर पत्र दाखवलं. दहा दिवसांत सही करायची होती. मी टाळ्याच वाजवल्या.

"करा ना मग! आत्ता करा."

त्यांचं बोट स्क्रीनकडे गेलं आणि हनुवटीला लागलं. "पुढच्या बुधवारी वाट पूर्ण होते त्याची. इतके दिवस थांबलो, आता शेवटी घाई नको. आणि हे बघ, हिला सांगू नकोस. ही आजच्या आज सही करायला लावेल."

मी काय करायला हवं होतं, ते तुम्हाला आता इथे बसून दिसतंय. मलाही दिसत होतं. पण मी चेष्टेवर नेलं. "काका, बुधाला सीसी करा, लवकर रिप्लाय येईल." ते हसले. रोज सकाळी मी विचारायचे, "कुठपर्यंत आला तुमचा पाहुणा?" आणि ते अंश-कला सांगायचे. असे आठ दिवस आम्ही हसत घालवले. मनातून माझी तंतरली होती. काकूंच्या दाराशी एकदा उभीही राहिले होते, पण बेल न वाजवता परत आले. सहीनंतर अर्जाचं पंधरा दिवसांचं काम, तीन आठवडे उरतायत, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मंगळवारी संध्याकाळी ते न्यायला आले तेव्हा मला राहवलं नाही. "काका, तुमचं पंचांग सांगलीचं की हर्नडनचं?"

"सांगलीचं. का?"

"मग तिकडे बुधवार लागला की."

हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. चौदा वर्षं भारतात फोन करताना वेळेचा हिशेब करणारा माणूस सांगलीचा बुधवार सरळ इथल्या बुधवारी धरून बसला होता. ते गडबडले, मग म्हणाले, "लागला खरा. पण वार सूर्योदयाला बदलतो. सूर्योदय होऊ दे." मग आम्ही अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिलो. इथे उन्हाळ्याचा सूर्य झाडांमागे मावळत होता आणि काका फोनमध्ये सांगलीचा सूर्य उगवायची वाट पाहत होते. साडेआठ वाजून गेल्यावर त्यांनी सही केली. घरी जाऊन त्यांनी काकूंना सांगितलं की आजच ऑफर आली आणि आजच सही केली. काकूंनी शिरा केला. माझ्या वाटचा मी डब्यात घालून घरी नेला.

पुढचं काम रेंगाळत झालं. जुन्या नोकऱ्यांची चौकशी, मग कोल्हापूरच्या विद्यापीठाचा एक कागद, मग कामगार खात्याची मंजुरी, तिचे सात दिवस. रोज गाडीत बसल्यावर ते दिवसाचा आकडा सांगायचे. पन्नास. चोपन्न. अठ्ठावन्न. आता बुधाचं नाव कुणीच काढत नव्हतं. सगळे कागद जुळले तेव्हा बासष्टावा दिवस होता. वकिलाने कळवलं, इथे राहून आता जमणार नाही, आणि बाहेरून बोलवायची कंपनीची तयारी नव्हती.

त्या दिवशी सिग्नलला गाडी थांबलेली असताना काका समोर बघत म्हणाले, "आठ दिवस होते गं माझ्याकडे." दिवा हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला. गाडी पुढे घेत ते म्हणाले, "हिला सांगू नकोस." हेच वाक्य त्यांनी याआधी हसत म्हटलं होतं.

मी सांगितलं नाही. त्यांचं घर आवरायला गेले तेव्हाही नाही. मुलगी कुणाशीच फारसं बोलत नव्हती. तिच्या शाळेचं एकच वर्ष राहिलं होतं. "इट्स नॉट फेअर," एवढंच ती खोक्यांना टेप लावताना म्हणाली, आणि मी तिच्या हातातली कात्री घेऊन उगाच टेप कापत बसले.

डलेस विमानतळावर मी त्यांना पोचवायला गेले. काका चार पावलांवर उभे राहून पासपोर्ट पुन्हा पुन्हा बघत होते. काकूंनी माझा हात धरला.

"तुला ऑफिसातलं कळतं म्हणून विचारते. ऑफर आठवडाभर आधी आली असती, तर जमलं असतं ना गं?"

काकांचे हात पासपोर्टवर थांबले. पाठ आमच्याकडेच होती.

ज्या घरात मुलांना बोलता यायच्या आधी ग्रहताऱ्यांवर विश्वास ठेवू नका असं सांगतात, त्या घरात मी वाढले. मी काकूंच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "आधी कशी येणार, काकू? बुधच आडवा आला ना."

"मेला," काकू म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. "सगळं त्याच्यामुळे."

"हो काकू. सगळं त्याच्यामुळे."

काका वळले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. काकूंच्या खांद्यावरची जड बॅग काढून स्वतःच्या खांद्याला लावली, मुलीला हाक मारली आणि तिघंही तपासणीच्या रांगेत जाऊन उभे राहिले.