पेटीवरचं खोड

नोफ्री लग्नाच्या पेट्या रंगवायचा. फ्लॉरेन्समध्ये मुलगी सासरी निघाली की तिच्या कपड्यांची पेटी वरातीत मिरवत न्यायचे, त्यामुळे पेटीच्या दर्शनी फळीवर काय काढलंय हे अख्खा रस्ता बघे. त्या वर्षी ज्याला त्याला सांता क्रोचेच्या चौकातली घोडेस्वारांची भाल्यांची झुंज हवी होती. नोफ्रीला घोडे काढायला आवडायचं, म्हणून तो खुशीत होता.

दस्त लिहिणाऱ्या कांबियोने मुलीसाठी पेटी सांगितली होती. ती बघायला तो आला आणि फळीच्या कोपऱ्यापाशी थबकला. तिथे एक तोडलेलं खोड होतं, त्याला हिरवा फुटवा.

"हे काय, उस्ताद?"

"खोड."

"ते दिसतंय मला! तोडलेल्या झाडाला पालवी, म्हणजे सत्तेवरच्यांनी हद्दपार केलेली मंडळी परत येणार, असंच ना? माझ्या मुलीच्या वरातीत? मला फासावर चढवताय का?"

"अहो, लाकडात गाठ होती तिथे. डिंक सुटून रंग काळवंडायचा, म्हणून वर खोड काढलं."

"सगळे असंच म्हणतात," कांबियो खालच्या आवाजात म्हणाला.

नोफ्रीने फुटवा पुसला. दुसऱ्या दिवशी नवऱ्या मुलाची आत्या, मोन्ना पिएरा, तणतणत आली. "लग्नाच्या पेटीवर वठलेलं खोड? आमचा वंश बुडावा असं कुणाच्या मनात आहे, त्या कांबियोच्या?"

मग नोफ्रीने खोडाच्या जागी कुत्रा काढला. कांबियो पुन्हा हजर.

"समोरचा स्वार निळ्या झुलीचा. निळा रंग सत्तेवरच्या घराण्याचा, आणि त्यांच्यावर कुत्रं भुंकतंय!"

"भुंकत नाहीये हो, जांभई देतंय!"

"म्हणजे त्यांच्या कारभाराला लोक कंटाळलेत?"

नोफ्रीने कुंचला भिंतीवर फेकला. कांबियो गेल्यावर रंग घोटत बसलेली त्याची बायको तेस्सा म्हणाली, "झोपवा ना त्या कुत्र्याला."

"झोपवू? म्हणजे शहराचे पहारेकरी झोपलेत असं..." बोलता बोलता नोफ्रीने जीभ चावली. तेस्सा हसून हसून लाल झाली. त्याला मात्र भीतीच वाटली. हा रोग आता आपल्यालाही लागला!

त्याने कुत्रा खरवडला, तिथे नुसतं गवत भरलं आणि दोन्ही घरांना निरोप धाडला : चित्रात कशालाच काही अर्थ नाही, यापुढे एक रेघही बदलणार नाही, पटत नसेल तर सगळं खरवडतो, पेटी कोरीच न्या. लग्न चार दिवसांवर आलेलं. दोघांनीही तोंड वाकडं करून होकार दिला.

वरातीच्या आदल्या दुपारी नवरी मुलगी, लिसाबेत्ता, दाईला घेऊन आली. घोड्यांकडे तिचं लक्षच नव्हतं. चित्रात झुंज बघणाऱ्या सज्जातल्या गर्दीत पिवळी ओढणी घेतलेली एक बाई होती, तिच्यापाशी तिने बोट नेलं.

"ही माझी आई ना? तुम्ही तिला बघितलं होतं?"

तिची आई मागच्या साथीत गेली होती. नोफ्रीने तिला कधी पाहिलं नव्हतं. वाटीत पिवळा रंग उरला होता, तो त्याने कुठेतरी संपवला होता, इतकंच. ते सांगायला त्याने तोंड उघडलं.

"हो, बघितलं होतं," तो म्हणाला.

ती गेल्यावर तेस्सा म्हणाली, "कशात काही अर्थ नसतो म्हणत होतात ना?"

"तू गप गं," नोफ्री खेकसला, आणि झाकणाला तेल लावायला लागला.