नोराइरने न म्हटलेले चार शब्द

उद्या नोराइरवर वेळ आली तर त्याच्या शेजारी उभं कोण राहणार, ही काळजी आरुस्याकला काही केल्या सोडत नव्हती. वानाद्झोर शहरातल्या निम्म्या इमारतींच्या लिफ्ट तिचा हा मुलगा दुरुस्त करायचा. अडकलेली माणसं आधी देवाचा धावा करायची, मग नोराइरला फोन. दार उघडून तो म्हणायचा, "मी आलो. तो अजून वाटेत असेल." लोक हसायचे.

परवा मात्र कुणी हसलं नाही. त्याचा मित्र म्हेर जर्दाळूंची पेटी घेऊन आला. "कावोर, रविवारी माझ्या पोराचा बाप्तिस्मा, तयार राहा!" बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला हातात घेणारा तो कावोर. म्हेरच्या घरी हा मान यांच्याच घराचा; म्हेरला नोराइरच्या वडिलांनी धरलं होतं, म्हेरच्या बापाला आजोबांनी.

"पोराला सायकल शिकवीन, वेळ पडली तर रक्त देईन," नोराइर म्हणाला. "पण पाद्री विचारणार, बाळाला काय हवं? तिथे 'श्रद्धा, आशा, प्रेम आणि बाप्तिस्मा' हे माझ्या तोंडून निघणार नाही."

"अरे लेका, चारच तर शब्द! बायकोला रोज 'पाच मिनिटांत पोचतो' म्हणतोस, ते खरं असतं?"

"तिला ठाऊक असतं मी थापा मारतोय. तुझ्या पोराला कोण सांगणार?"

म्हेर कॉफी अर्धी टाकून उठला. "माझ्या आईला तूच सांग, नातं तोडलंस म्हणून."

"नातं नाही तोडलं. खोटं बोलायला नकार दिलाय."

दोन दिवस आरुस्याक मुलाला बोल लावत होती. "तुझ्या बापाने नाही म्हटले ते शब्द?" आज त्याच जर्दाळूंचा मुरंबा ढवळताना तिचा हात थांबला. म्हटले होते की! आडगावातल्या एका घरात, दार लावून, खिशात कम्युनिस्ट पक्षाचं कार्ड ठेवून. आणि सोमवारी कारखान्यात त्यानेच भाषण ठोकलं होतं, देव ही भाकडकथा आहे म्हणून. पटत त्याला दोन्ही नव्हतं. तेव्हा तिने त्या वागण्याला हुशारी म्हटलं होतं. नोराइर तेवढा हुशार नव्हता, आणि आज पहिल्यांदाच तिला त्याचा अभिमान वाटला.

तिने गॅस बंद केला. म्हेरच्या आईला, हायकानुशला, काय सांगायचं ते पक्कं झालं. माझा मुलगा रविवारी येईल, बाळासाठी भेटवस्तू घेऊन चर्चच्या पायऱ्यांशी थांबेल. कुणाला नावं ठेवायची असतील तर खुशाल ठेवावीत. त्याच्या शेजारी मी उभी असेन.

चिकट हात एप्रनला पुसून तिने फोन उचलला.