कल्याणची साखर

वहिनी गेली हे मला डोंबिवलीत कळलं, तेव्हा मी विहिरीवर कपडे पिळत होते. दादानं त्याच्या शेजाऱ्यांना ठाण्याहून पाठवलं होतं. ते चप्पल न काढता पायरीखालीच उभे राहिले, पाणी घ्या म्हटलं तर नको म्हणाले, आणि मी समजले. दोन दिवसांचा ताप, बस... अशा वेळी माणूस रडतं. मी रडले ते नंतर, रात्रीच्या स्वयंपाकाला बसल्यावर. खरं सांगायचं तर माझ्या मनात आलेला पहिला विचार असा होता, की आता कल्याणला डबा कोण नेणार? वहिनीला कळलं असतं तर ती खूश झाली असती. तिच्या माघारी कुणी तिचे गुण आठवत बसावं यापेक्षा तिचं राहिलेलं काम आठवावं, हेच तिला पटलं असतं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, सिंधू. नौपाड्यात दोन खोल्यांचं बिऱ्हाड. बांधा काडीचा, आवाज मात्र तिसऱ्या आळीपर्यंत पोचणारा. इंग्रज गेले त्या वर्षी तिला मुलगी झाली, छबी. वर्षाची झाली तरी छबी मान नीट धरेना, तेव्हा डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं, की ही मुलगी मंद आहे, वाढेल, पण तिच्या तिच्या गतीनं. दादाचं तोंड उतरलं. वहिनी पडद्याआडून ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, "वाढेल म्हणालात ना? मग झालं तर. आम्हाला कुठे गाडी गाठायची आहे?"

आमच्या घराण्यात एक रीत आहे. मूल पहिल्यांदा उंबरा ओलांडून बाहेर आलं की उंबऱ्यावर नारळ वाढवायचा आणि त्याच खोबऱ्याच्या गूळ घातलेल्या वड्या आप्तांच्या घरी द्यायच्या. ज्याच्या घरी डबा जाईल त्यानं तो रिकामा परत करायचा नाही, चिमूटभर का होईना, काहीतरी गोड घालूनच द्यायचा. एका मुलामागे हे एकदाच होतं. छबीच्या बाबतीत ते किती वेळा झालं याचा हिशेब कुणी ठेवला नाही, आणि त्याला कारण कल्याणच्या काकू.

काकू म्हणजे आमच्या थोरल्या काकांची बायको. त्यांच्या धाकट्याच्या मुंजीला आम्ही सगळे कल्याणला गेलो होतो. छबी तेव्हा तीन वर्षांची, अजून आधाराशिवाय बसत नव्हती, तोंडातून लाळ गळायची. काकूंच्या मुलीला, शालूला, सांगून आलेल्या मुलाकडची मंडळीही मुंजीला यायची होती. वहिनी पदर खोचून पंगतीत वाढत होती, छबीला तिनं माजघरात निजवलं होतं. मध्येच बघायला गेली तर अंथरूण रिकामं. मी पानावर बसले होते, तिथून मला ती इकडून तिकडे धावताना दिसली. परसातल्या लाकडं-गोवऱ्यांच्या खोलीला बाहेरून कडी होती. आत छबी पोत्यावर पडलेली, रडून आवाज बसलेला. गप्प राहावी म्हणून कुणीतरी तिच्या मुठीत जिलबीचा तुकडा दिला होता. त्याला मुंग्या लागल्या होत्या, तिथून गालाला, डोळ्यांच्या कडांना...

काकू मागून आल्या आणि म्हणाल्या, "अगं सिंधू, घटकाभराचा तर प्रश्न होता. घराण्यात काही आहे की काय असं त्या लोकांना वाटायला नको, म्हणून. तू तरी समजून घे."

जी बाई भाजीवाल्याशी दमडीसाठी अर्धा तास वाद घालायची, ती वहिनी इथे वादाला थांबली नाही. छबीला खांद्यावर घेऊन ती भरल्या पंगतीमधून चालत पुढच्या दारानं बाहेर पडली, न जेवता. टांग्यात बसल्यावर दादाला एवढंच म्हणाली, "ही पोर एक दिवस ह्याच दारानं आपल्या पायांनी आत जाईल. तोवर मी ह्यांना विसरू द्यायची नाही."

वर्ष-दीड वर्षानं छबी भिंतीला न टेकता बसली. दुसऱ्या दिवशी वहिनीनं नारळ आणला, वड्या थापल्या, पितळी कडीच्या डब्यात भरल्या आणि मला घेऊन कल्याणला गेली. काकू दारात. "छबी बसायला लागली," वहिनी म्हणाली, "तोंड गोड करा."

"एवढ्यासाठी ठाण्याहून आलीस?"

"तुम्ही नाही का बोलावलंत मुंजीला? घरचं कार्य आपल्या माणसांना सांगायलाच हवं."

काकूंना वडी खावी लागली. शुभकार्याची वडी नाकारायची कशी? आणि डबा तर रिकामा द्यायचा नाही. साखर तेव्हा रेशनवर होती, पण परतीच्या डब्यात गूळ घालणं काकूंच्या इभ्रतीला शोभणारं नव्हतं. त्यांनी साखर घातली. ती घालताना त्यांचा हात किती जड झाला होता, ते मी डोळे भरून पाहिलं. स्टेशनावर येईपर्यंत आम्ही दोघी हसत होतो.

पुढे हे चालूच राहिलं. छबीनं घास स्वतः तोंडात घातला, डबा कल्याणला. खुर्ची धरून उभी राहिली, डबा कल्याणला. तिचा पहिला शब्द ‘आत्या’ निघाला, म्हणजे मी! वहिनी दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही, "नऊ महिने मी वागवली आणि नाव नणंदेचं," म्हणून कुरकुरली, पण डबा गेलाच. दादा एकदा म्हणाला, "पुरे आता, त्यांनाही वाईट वाटत असेल." वहिनी म्हणाली, "वाटू दे की. मी तेवढ्यासाठीच तर जाते."

कल्याणची साखर मात्र तिनं कधी चहात पडू दिली नाही. परत आली की छबीला तुळशीपाशी बसवायची आणि ती साखर मुंग्यांना घालायला लावायची. रेशनची साखर मुंग्यांना घालतेस, म्हणून मी एकदा रागावले, तर म्हणाली, "त्या दिवशी माझ्या पोरीजवळ दुसरं होतं कोण?" छबीची बोटं आधी वळायची नाहीत, मूठभर साखर सांडायची. हळूहळू चिमूट जमली. चिमूट जमली तशी परकराची नाडी जमली, मग बटण. वहिनी बटणाच्या वड्या घेऊन गेली तेव्हा काकूंना म्हणाली, "तुमच्या साखरेचे फार उपकार आहेत हं." काकूंना काही कळलं नाही, त्या ओशाळून हसल्या.

गेल्या दिवाळीनंतर छबी नौपाड्यातल्या घराचा उंबरा कुणाचा हात न धरता ओलांडून बाहेर आली. अकरा वर्षांची घोडी! खरा नारळ त्या दिवशी वाढवला. वहिनी त्या डब्याला हात लावेना. म्हणाली, "हा मी नेणार नाही. हा छबी नेईल, तिच्या पायांनी. जरा पायऱ्यांची सवय होऊ दे." ती सवय होत होती, तेवढ्यात ताप आला.

तेराव्यानंतर आठवड्यानं मी वड्या केल्या. माझ्या जरा कडकच होतात. छबीला नवा परकर घातला आणि कल्याणला नेलं. टांगा ओटीशी थांबला. छबी माझा हात झटकून भिंत धरत पायऱ्या चढली, उंबऱ्याशी थबकली, एक पाय, मग दुसरा... आत. मला वहिनी हवी होती तिथे. फार हवी होती.

काकू आता थकल्या आहेत. डबा बघून म्हणाल्या, "अगं, वर्ष सरायच्या आत गोड?"

"आईचं राहिलेलं काम लेकीनं केलं. घ्या."

त्यांनी वडी घेतली, आतून साखर आणून डब्यात घातली. छबीला भिंतीच्या कडेची मुंग्यांची रांग माझ्याआधी दिसली होती. ती खाली बसली आणि चिमटीनं साखर घालू लागली, अगदी सावकाश.

"हे काय करत्येय ती?"

"तुमची साखर जिथे जाते तिथे घालत्येय. आजवरची सगळी तिकडेच गेली, काकू. लाकडांच्या खोलीत छबीजवळ त्याच होत्या ना, म्हणून."

काकूंनी आधी मुंग्यांकडे पाहिलं, मग छबीच्या गालाकडे. त्यांचा चेहरा कसा झाला ते मी लिहीत नाही. मला बरं वाटलं. उगाच खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं. तेवढ्यात छबीनं डबा उपडा करून ठोकला, उठली आणि रिकामा डबा काकूंपुढे धरला. रिकामा डबा कसा परत द्यायचा? भिंतीला हात टेकत काकू पुन्हा आत गेल्या.

डबा आता नौपाड्यात वहिनीच्या फळीवर आहे, चिंचेनं घासून लखलखीत केलेला. परवा छबीनं उजवी चप्पल उजव्या पायात घातली, कुणी न सांगता. नारळ आणून ठेवला आहे. मी हे ज्यात लिहितेय ते वर्तमानपत्र काकूंच्या घरी येतं, मला ठाऊक आहे. काकू, रविवारी येतोय आम्ही. साखर काढून ठेवा.