रँकिनबुवांचा गडगा

जपानात जाऊन मला जिवाभावाचा मित्र मिळाला तो स्कॉटलंडचा. आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. त्यांचं नाव हेमिश रँकिन. सेंदाई शहराजवळच्या कुरोइवा गावातले लोक त्यांना आदरानं रँकिन-सान म्हणायचे, मी रँकिनबुवा म्हणायचो. आणि ते मला म्हणायचे 'बाबा'! माझी सून दीप्ती मला तशी हाक मारते, तेव्हा हेच याचं नाव असणार असं त्यांनी धरलं. वयानं माझ्याहून चांगले मोठे, पण मीही कशाला दुरुस्त करू? एवढा मोठा लेक या वयात कुणाला मिळतो?

आमचा नंदकिशोर सेंदाईच्या विद्यापीठात धातूंवर संशोधन करतो. सकाळी सायकलवर टांग टाकून गेला की दिवेलागणीलाच परत. दीप्ती पुण्याची, फ्लॅटमध्ये वाढलेली. तिथल्या कोनबिनीत, म्हणजे दिवसरात्र उघड्या असणाऱ्या दुकानात, अर्धवेळ काम करायची आणि उरलेला वेळ खिडकीतून बाहेर बघायची. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा घरात मला एकच काम होतं, कचरा वेगळा करण्याचं. बाटली, तिचं झाकण आणि तिच्यावरचा कागद ही तीन वेगळी घराणी असतात, हे मला गावच्या शाळेत सातवीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

एका रविवारी दीप्तीनं बाजारात एका उंच गोऱ्या म्हाताऱ्याकडून बटाटे घेतले आणि सहज विचारलं, "तुमच्या शेतात एक वाफा मेथी लावू का? इथे मेथी कुठेच मिळत नाही."

म्हातारा म्हणाला, "लाव. पण आधी दगड वेच."

हे त्यांचं सगळ्यांना एकच उत्तर असे. बायको फुमिए वारलेली, मूलबाळ नाही. डोंगरावरची जमीन आपल्यामागे कोण कसणार, ही एकच काळजी त्यांच्या जिवाला होती. तिकडे शेत दोन-तीन वर्षं पडीक राहिलं की बांबूगवत माजतं, मग रानडुकरं वस्तीला येतात, मग खालची शेतंही ओस पडतात. शहरातली हौशी पोरं यायची, दोन दिवस दगड वेचायची, फोटो काढायची आणि जायची. थंडीनं जमीन फुगते आणि दर वसंतात खालचे दगड वर येतात. ते वेचल्याशिवाय नांगर घालता येत नाही. दीप्ती मात्र अख्खा वसंत जात राहिली आणि मला बसमध्ये घालून बरोबर नेत राहिली.

बुवांची कहाणी मला तिनंच दुभाषी होऊन सांगितली. ॲबर्डीनकडच्या शेतकऱ्याचा हा धाकटा मुलगा. तिकडे शेत थोरल्याला गेलं, हा बोटीवर गेला. बोट दुरुस्तीला म्हणून इकडच्या बंदरात लागली. बंदरावरच्या खानावळीत फुमिए वाढायला होती. बोट दुरुस्त होऊन गेली, हा राहिला! सासऱ्यानं जावयाला काय दिलं, तर गावाच्या वरची, कुणालाच नको असलेली, पाण्याविना डोंगराची उतरण. पहिला बर्फ पडला की गोरा पळणार, अशी गावात पैज लागली होती.

बुवांनी झाडोरा तोडला, मुळं उपटली आणि पहिलं पीक काढलं ते ओटचं. आता ओट म्हणजे स्कॉटलंडात रोजची न्याहारी, पण त्या गावात घोड्याचं खाणं. आणि हा गृहस्थ रोज सकाळी त्याची पेज करून स्वतः खातोय! गावात हळहळ झाली. बिचारा किती गरीब! दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या दारात कुणी मुळे ठेवून जाई, कुणी तांदूळ. बुवांना वाटलं, ही इथली रीत असणार. तेही मग लोकांच्या दारात सलगम ठेवून यायला लागले. लोक म्हणाले, बघा, एवढा गरीब, पण मिंधा नाही राहत! दोन वर्षं हे चाललं, तोवर ना कुणाला खरं कळलं, ना कुणी उपाशी राहिलं. सांगता सांगता बुवा असे हसायचे की पाईप विझायचा.

वेचलेल्या दगडांची त्यांनी उतरणीभोवती भिंत रचली होती. मी ती पहिल्यांदा पाहिली आणि ओरडलोच, "अगं दीप्ती, हा तर आपला गडगा!" आमच्या संगमेश्वराकडे असाच रचतात, चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. फरक एवढाच की आम्ही वरचा थर आडवा घालतो, बुवांनी दगड उभे खोचले होते, पुस्तकं लावावीत तसे. त्यावरून आमचं भांडण झालं आणि भांडणातून मैत्री. एका बाजूनं तासभर मी रचायचो, एका बाजूनं ते, आणि जेवायच्या वेळी एकमेकांच्या भिंतीला लाथा मारून बघायचो.

पण त्या गडग्यात एक गोम होती. तळाशी गुडघाभर उंचीचं चौकोनी भोक, वर नीट आडवा दगड बसवलेला.

"हे कशाला?" मी विचारलं.

"मेंढ्यांना. या शेतातून त्या शेतात जायला."

"मेंढ्या कुठे आहेत?"

"विकल्या. फार वर्षं झाली."

"मग भोक कशाला?"

बुवा माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी विचारलं, घराला दार कशाला. त्यांच्या वडिलांनी रचलेल्या प्रत्येक भिंतीत तसं भोक होतं. हात शिकला तो शिकलाच. भिंत म्हटली की भोक आलं.

यंदा भाद्रपदात मी पुन्हा गेलो तेव्हा दीप्तीची मेथी झकास होती, मिरच्या लागल्या होत्या, बटाटे काढायला आले होते. सेंदाईतली निम्मी मराठी घरं तिच्याकडून भाजी न्यायची. आणि एका सकाळी वाफ्यांची पार माती! त्या भोकातून रानडुकराची पिल्लं शिरली होती, अंगावर कलिंगडासारखे पट्टे असलेली. आई एवढी लठ्ठ की भोकात मावली नाही, ती बाहेर घुरघुरत उभी आणि पोरं आत पंगतीला. जेवण उरकून ती खाली एंदो-सानच्या रताळ्यांत उतरली.

एंदो-सान म्हणजे बुवांचे शेजारी आणि गावच्या शेतकी समितीचे प्रमुख. शेतजमीन कुणाला कसायला द्यायची ते त्या समितीच्या हातात. ते तणतणत वर आले.

"रँकिन-सान, पन्नास वर्षं सांगतोय, ते भोक बुजवा! ही जमीन या बाईंना द्यायची म्हणता. पण डुकरांना असं दार उघडं राहणार असेल, तर समिती हो म्हणणार नाही. तुमच्यामागे इथे देवदार लावू, झालं."

"भोक नसेल तर ती भिंत नव्हे," बुवा म्हणाले.

मग मी तोंड घातलं. "बुवा, तुमचं डोकं या दगडांहून टणक आहे! पोरीची जमीन चालली तुमच्या हट्टापायी."

दीप्तीनं गोड आवाजात भाषांतर केलं, "बाबा म्हणतात, भिंत फार मजबूत आहे."

बुवांनी माझ्या हातवाऱ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाबा तसं म्हणाला नाही."

परतताना बसमध्ये मी दीप्तीला म्हटलं, "तू सांग त्यांना. तुझं ऐकतील."

"नाही सांगणार बाबा. त्यांच्या वडिलांची आठवण आहे ती. मी माझ्या वाफ्यांना जाळी लावीन. समितीनं जमीन नाही दिली तर नाही दिली." एवढं बोलून ती खिडकीबाहेर बघायला लागली, तशीच, पहिल्यासारखी. मला काही ते बरं वाटलं नाही.

पुढच्या खेपेला आम्ही वर पोचलो तर बुवा भोकासमोर गुडघ्यांवर बसलेले. डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणून बजावलेलं, आणि हे दगड बसवतायत! मी शेजारी बसून दगड पुढे करत राहिलो. मोठा मागितला की मोठा, चपटा मागितला की चपटा.

शेवटच्या दगडाची जागा उरली तेव्हा त्यांनी दीप्तीला हाक मारली. "हा तू बसव."

ती म्हणाली, "पण तुमच्या वडिलांची रीत..."

"माझ्या बापाकडे मेंढ्या होत्या. तुझ्याकडे मेथी आहे. भिंत ज्याची, त्याच्या सोयीची."

तिनं दगड बसवला. तो हलत होता. बुवांनी काढायला लावला, पुन्हा बसवायला लावला. तिसऱ्यांदा बसला.

समितीची माणसं आली. एंदो-साननी वाकून पाहिलं, लाथ मारून पाहिलं, आणि तोंडातून नुसता हुंकार काढला. दीप्तीला जमीन कसायला मिळाली. बुवांनी खुशीत सगळ्यांना ओटची पेज वाढली. दुसऱ्यांदा कुणी मागितली नाही. मीही नाही.

डोंगरावर पहिला बर्फ पडला त्या आठवड्यात बुवा गेले. चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. दुपारी स्वयंपाकघरातल्या खुर्चीत, पायांत बूट तसेच, समोर अर्धा कप चहा. एंदो-सान त्यांना हाक मारायला गेले, तेव्हा ते झोपलेत असंच वाटलं म्हणे. असं मरण मागून मिळत नाही.

दहनानंतर तिकडे दोघा-दोघांनी मिळून काड्यांनी अस्थी उचलायच्या असतात. आपण सावडतो तसंच, फक्त हात न लावता. पहिली जोडी घरच्यांची. घरचं कुणी नव्हतं. एंदो-सान पुढे झाले, आणि त्यांनी मान वळवून दीप्तीकडे पाहिलं. दोघांनी मिळून पहिली अस्थी उचलून कलशात ठेवली. तो कलश फुमिएच्या कलशाशेजारी ठेवला. एंदो-सान बाहेर येऊन नाक शिंकरत म्हणाले, "हट्टी माणूस! पन्नास वर्षं माझी रताळी डुकरांना चारली."

माझ्या परतीच्या दिवशी नंदकिशोर एकटाच मला सोडायला आला. दीप्ती आली नाही. जमीन गोठायच्या आत लसणावर पेंढा पसरायचा होता, आणि एंदो-सान आपला छोटा ट्रक भरून पेंढा घेऊन नेमके त्याच सकाळी तिच्यासाठी वर निघाले होते. तिनं फोनवरच नमस्कार केला. मागून एंदो-सानचा आरडाओरडा ऐकू येत होता.

"काय म्हणतायत गं?" मी विचारलं.

"पातळ पसरतेय म्हणतायत बाबा. ठेवते हं फोन."

सून निरोप द्यायला आली नाही म्हणून सासरा खूश, असं तुम्ही कधी ऐकलंय? मी विमानात बसेपर्यंत एकटाच हसत होतो.