गाळलेल्या जाहिराती

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. "बोलतं ठेवा, येईल हळूहळू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. महिन्याभरात एकेक शब्द यायलाही लागला. मग व्यायामासाठी वेळ मिळाली ती नेमकी संध्याकाळची, तीही उल्हासनगरात. बदलापूरला घरी येईपर्यंत आई-बाबांची साडेसातची मालिका संपलेली असायची. ती चुकली की बाबा रुसून जेवायचे नाहीत.

मला चेव आला. उल्हासनगरच्या बाजारातून जुना कॉम्प्युटर उचलला, डिशची वायर लावायचं कार्ड बसवलं आणि मालिका रेकॉर्ड करणारं सॉफ्टवेअर टाकलं. जगभरच्या हौशी लोकांनी लिहून फुकट वाटलेलं. चार रविवार डोकं फोडलं. त्यात जाहिराती ओळखून त्यांच्यावरून उडी मारायचीही सोय निघाली, तेव्हा मी एकटीनेच टाळ्या पिटल्या.

"बघ आई, अर्ध्या तासाची मालिका वीस मिनिटांत!"

पंधरा दिवसांनी आई म्हणाली, "ह्यांचं बोलणं कमी झालंय गं."

माझं टाळकंच सरकलं. "म्हणजे आता तेही माझ्या मशीनमुळेच का?"

"मी मशीनचं नाव तरी काढलं का? तू बस इथे आणि बघ."

बसले. एक प्रसंग संपला. आईने सवयीने विचारलं, "काय हो, सून खरं बोलतेय का?" पूर्वी जाहिराती लागल्या की ती टीव्हीचा आवाज बंद करून असंच काहीतरी विचारायची. बाबांचे ओठ हलले. "ती... ती..." तोवर ढॅणढॅण करत पुढचा प्रसंग सुरूसुद्धा झाला. बाबांनी तोंड मिटून घेतलं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्नच केला नाही.

माझी चूक मला दिसली. तरी तोंडातून चिडकंच निघालं, "अगं, मग थांबवायचं ना! बटण दाखवलं होतं तुला."

"थांबवलं होतं. सगळे आपल्यासाठी खोळंबलेत असं वाटतं त्यांना. हातानेच 'चालू दे' म्हणतात. जाहिरातीत कुणी वाट बघत नसतं गं."

मी उठले आणि ती सोय बंद केली. नशीब, रेकॉर्डिंगमध्ये जाहिराती शाबूत होत्या, मशीन नुसतं त्यांच्यावरून उडी मारत होतं.

साबणाची जाहिरात लागली. आईने आवाज बंद करून पुन्हा तेच विचारलं.

"ती..."

साबण संपला, मसाला आला. मसाल्यामागून रंगवाले आले. जाहिरात दिसली की शिव्या घालणारी मी, हात जोडून बसले होते, अजून एक लागू दे रे देवा.

"ती... खोटं... बोलते."

"काहीतरीच काय! खोटं सासू बोलतेय. झोपला होतात का?"

बाबांनी चांगला हात खुर्चीवर आपटला. "तुला... काय... कळतं!"

आईने डोळ्यांना पदर लावला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ऐकलंस? भांडले गं माझ्याशी!"