वडिलांची चिठ्ठी

अकोल्याच्या ज्या खासगी महिला महाविद्यालयात मी बी.ए. केलं, त्यांनी मागच्या वर्षी मला ‘स्त्री आणि स्वातंत्र्य’ या विषयावर बोलायला बोलावलं. पाऊण तास बोलले, शाल-श्रीफळ घेतलं आणि अमरावतीची एसटी गाठायला फाटकाशी आले, तर फाटकाला कुलूप.

चौकीदार म्हणाला, "साडेचारच्या आंधी भायेर जाचं असंन तं वडलाची चिठ्ठी लागते. नियम सगळ्याइले सारखा."

प्राचार्य माझ्या भाषणातूनच जेवायला घरी गेले होते. त्यांना अर्थात चिठ्ठी लागत नाही.

मग शिकताना करायचे तेच केलं. कागदावर दोन ओळी खरडल्या आणि खाली बाबांची सही ठोकली. चौकीदारानं ती निरखून पाहिली आणि फाटक उघडलं.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. परवानगी अजून त्यांचीच चालते.