चबुतऱ्यासमोरून चप्पल घालून

दुपारी मी आणि बायको ओसरीत मटार सोलत बसलो होतो. ती म्हणाली, "सोलता कमी, खाता जास्त." मी म्हटलं, "आणले कोणी?" एवढंच बोलणं. दुसऱ्या दिवशी ती वारली.

काही आठवड्यांनी टहरौलीकडच्या एका खेड्यातून रामकलीचा फोन आला. ही बायकोच्या महिला मंडळातली म्हातारी. "दाऊ (मोठे भाऊ), जिज्जी (ताई) गईं तो बहुएं फिर चप्पल हाथ में लेने लगीं. आप आ जाओ."

झाशीहून बस धरली. जागा मिळाली ती इंजिनाजवळ, गुडघे भाजून निघाले. शहर सुटलं की खडकाळ टेकड्या, मग हरभराच हरभरा.

याच रस्त्याने पूर्वी जीपमधून गेलो होतो. मी आमदारकीला उभा, बायको मतं मागायला सोबत. त्या गावची रीत अशी, की चबुतऱ्यावर (पारावर) वडीलधारे पुरुष बसलेले असले तर बाईने चप्पल हातात घेऊन पुढून जायचं. मे महिन्याचं ऊन. हिने माइक घेतला आणि म्हणाली, "वोट दो न दो, चप्पल पहनकर चलो." झालं. गावाने पाठ फिरवली, मी पडलो. घरी बडबड केली तर म्हणते, "मतं तुमची, पाय त्यांचे." पुढल्या आठवड्यात एकटीच बसने तिथे गेली, आणि जातच राहिली. तिचं पुढारपण तिथून सुरू झालं, माझं तिथेच संपलं.

उतरलो तर म्हाताऱ्यांनी चबुतऱ्यावर खाट टाकली. "बैठिए नेताजी." चहा आला. मीही ऐटीत बसलो. तेवढ्यात रामकली गावातल्या सुनांना घेऊन आली. मला बघून सगळ्या थबकल्या, दोघी चप्पल काढायला वाकल्या. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या माझ्यासाठी वाकत होत्या. मी उठायला लागलो.

"बैठे रहो," रामकली म्हणाली. "खाली (रिकाम्या) चबूतरे के सामने से तो कोई भी निकल ले."

ती फटक फटक पुढे निघाली. मागून सुना, तोंडावर घुंघट, पायात चप्पल. शेवटची नवी सून मात्र चप्पल हातात घेऊन भिंतीकडेने पळाली.

माझ्या शेजारी बसलेला तिचा सासरा म्हणाला, "आपकी तो बेइज्जती हो गई."

"घर में रोज होती थी, भैया. अब करने वाली नहीं रही."

तो हसला नाही. पण माझ्यासाठी आणखी एक चहा सांगितला.

रात्री रामकलीकडे महेरी (ताकात शिजवलेला दलिया) खाल्ली. ती म्हणाली, नवी सून भित्री नाही, एकटी पडते. सकाळी पाण्याला निघते तेव्हा सासरा चबुतऱ्यावर असतो.

भाषण मला कधी जमलं नाही. बसता येतं.

सकाळी झाशीची पहिली बस जाऊ दिली आणि चबुतऱ्यावर त्या सासऱ्याशेजारी जाऊन बसलो. सून हंडा घेऊन आली, चप्पल पायात. सासऱ्याने तोंड उघडायच्या आत मी त्याला विचारलं, यंदा हरभरा कसा आहे?